अवधूतांची दृष्टी आणि आपल्या घरच्या रूढी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दरवर्षी या अंकासाठी मी श्रीगुरुचरित्रातल्या नाहीतर भागवतातल्या एखाद्या अध्यायाचे सार लिहून देतो. यंदाही मंडळींनी सांगितले, "चोवीस गुरूंवर लिहा, तुमचा ठरलेला विषय आहे." विषय तोच घेतला आहे. पण यंदा त्यात माझ्या घरची एक गोष्ट येणार आहे आणि तिच्यात माझी बाजू लंगडी आहे. ती गाळून लिहावे असे एकदोनदा मनात आले. मग वाटले, दत्तप्रभूंच्या नावाने निघणाऱ्या अंकात तरी माणसाने खरे लिहावे.

मी करकंबचा. बाजारपेठेत आमचे किराणा दुकान आहे, ते आता मुलगा पाहतो. शिक्षण जुनी अकरावी, वय बहात्तर. गेली पंचवीस वर्षे दर गुरुवारी आरतीनंतर दत्तमंदिरात अर्धा तास वाचन करतो. विद्वान म्हणून नव्हे. आवाज मोठा आहे आणि चष्मा लावून का होईना, पोथी वाचता येते म्हणून.

दारात उभा राहिलेला माणूस

२००८ साली माझा धाकटा भाऊ गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. रात्री छातीत कळ आली, पंढरपूरला नेईपर्यंत संपले. सकाळी घर माणसांनी भरून गेले. अंगणात तिरडी बांधायचे काम चालू होते. सोप्यात बायका होत्या. मी दारात उभा होतो, कारण कर्ता माणूस म्हणून आत-बाहेर दोन्हीकडे माझेच लक्ष असायला हवे होते.

भावकीतल्या दोघीतिघींनी धाकट्या भावजयीला उंबऱ्याजवळ आणून बसवले. कपाळाचे कुंकू पुसले, मंगळसूत्र तोडले, जोडवी काढली. मग तिचे हात उंबऱ्यावर ठेवून हिरव्या काचेच्या बांगड्या दगडाने फोडल्या. एक काच मनगटात शिरली. रक्त आले. कुणीतरी त्यावर हळद दाबली. त्या क्षणी तिने मान वर करून एकदाच माझ्याकडे पाहिले. आमच्यात थोरल्या दिराशी भावजय फारसे बोलत नाही, तेव्हा ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

घरात त्या वेळी माझ्यापेक्षा मोठा पुरुष कुणी नव्हता. "राहू द्या" एवढे दोन शब्द मी म्हटले असते तर त्या बायकांनी हात आवरता घेतला असता. त्या काही दुष्ट नव्हत्या. त्यांच्या सासवांनी त्यांच्यासमोर जे केले तेच त्या करत होत्या. मी मात्र पोथी वाचणारा माणूस. पोथी वाचणाऱ्याला तरी थांबून विचार करता यायला हवा होता.

पुढे भावजयीने मुलाला वाढवले, दुकानामागच्या खोलीत बसून डाळी निवडल्या, पुड्या बांधल्या, मुलाचे लग्न केले, नात मांडीवर खेळवली. मंदिरात तिचा हात सगळीकडे असे. दत्तजयंतीचा सुंठवडा तीच कुटायची, सप्ताहाचा स्वयंपाक तीच सांभाळायची, गाभाऱ्याबाहेरची फरशी तीच धुवायची. पण दिवेलागणीला जन्मकाळ झाला, गुलाल उधळला आणि बायका पाळण्याकडे सरकल्या की ती सभामंडपातल्या मागच्या खांबाआड जाऊन उभी राही. तिच्या हातचा सुंठवडा देवाला चालत होता, पाळण्याची दोरी मात्र तिच्या हातात चालत नव्हती. आणि मी चौदा वर्षे स्वतःला सांगत होतो, "तिलाच पुढे येणे आवडत नाही."

आठ वर्षांच्या मुलीचा प्रश्न

२०२२ च्या चातुर्मासात मी चोवीस गुरूंचे आख्यान लावले होते. ही कथा भागवताच्या एकादश स्कंधात सातव्या ते नवव्या अध्यायात येते. यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. अंगावर धड वस्त्र नाही, जवळ काही नाही, तरी मुद्रेवर आनंद. राजा विचारतो, हा आनंद तुम्हाला मिळाला कोठून? तेव्हा अवधूत चोवीस गुरू सांगतात: पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कपोत, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढून नेणारा, हरीण, मासा, पिंगला, टिटवी, बालक, कुमारी, बाण करणारा, सर्प, कोळी आणि कुंभारीण माशी.

त्या गुरुवारी कुमारीच्या कंकणांची पाळी होती. कथा आपल्याला ठाऊक आहे. घरची माणसे बाहेर गेलेली असताना मुलीला पाहायला पाहुणे येतात. तीच त्यांचे स्वागत करते आणि त्यांच्या जेवणासाठी आत साळ कांडायला बसते. हातातली कंकणे वाजू लागतात. घरात कांडलेले तांदूळही नाहीत हे बाहेर कळेल म्हणून ती एकेक कंकण कमी करते. दोन-दोन उरली तरी वाजतात. शेवटी एका हातात एकच ठेवते, तेव्हा आवाज थांबतो. अवधूतांनी यातून घेतले ते असे की पुष्कळ जण एकत्र आले की कलह होतो, दोघे असले तरी बोलणे होतेच, म्हणून साधकाने एकटे राहावे.

मी एवढे सांगून पोथी बांधत होतो. पुढे मुले प्रसादासाठी बसली होती. त्यात भावाची नात होती, आठ वर्षांची. तिने विचारले, "आजोबा, त्या मुलीनं बांगड्या आपल्या आपण काढल्या ना? मग आमच्या आजीच्या कुणी काढल्या?"

मंडपात दहाबारा माणसे होती. कुणी हसले नाही, कुणी रागावलेही नाही. मी म्हणालो, "घरी जाऊन सांगतो." घरी जाऊन मी काही सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. पोरीला हे सगळे कुणी सांगितले होते देव जाणे. आजीच्या मनगटावरचा व्रण तिने कधीतरी विचारला असेल.

भागवतातला अर्थ एकांताचा आहे, तो बदलण्याचा मला अधिकार नाही. पण बालक हाही चोवीस गुरूंपैकी एक आहे, हे मी त्याच आठवड्यात वाचून दाखवले होते. वाचणे निराळे आणि तो गुरू समोर येऊन बसला की त्याचे ऐकणे निराळे.

"माझ्या बुद्धीने मी हे गुरू केले"

त्यानंतर मी ते तीन अध्याय पुन्हा काढले. पैठणच्या नाथमहाराजांनी याच स्कंधावर आपले एकनाथी भागवत लिहिले आणि १५७३ साली काशीत पुरे केले. नाथांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी, थोर दत्तभक्त. म्हणजे हा आपल्याच घरचा ग्रंथ.

या वेळी एक गोष्ट नव्याने नजरेत भरली. अवधूत यदूला सांगतात, की हे पुष्कळ गुरू मी माझ्या बुद्धीचा आश्रय घेऊन केले. पृथ्वी काही त्यांच्याकडे येऊन "मला गुरू कर" म्हणाली नव्हती. ते चालत राहिले, पाहत राहिले. त्यातून घ्यायचे काय आणि टाकायचे काय हे त्यांनी स्वतः ठरवले. कपोताकडून तर ते काय करू नये हे शिकले. पिलांच्या मोहात कबुतराची जोडी पारध्याच्या जाळ्यात पडते, ते पाहून ते सावध झाले. आणि याच संवादाच्या आधी श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात की माणसाचा स्वतःचा आत्मा हाच विशेष करून त्याचा गुरू असतो.

आता पिंगलेचे पाहा. विदेह नगरीतली ही वेश्या. गावाने जिचे नाव दिवसा घेतले नसते, तिला अवधूत गुरूंच्या ओळीत सूर्यचंद्राबरोबर बसवतात. गिऱ्हाइकाची वाट पाहत मध्यरात्र उलटते आणि तिच्या मनात येते, मी कुणाची वाट पाहते आहे आणि कशासाठी? एवढा एक प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि ती सुटली. लोक तिला काय म्हणत होते ते अवधूतांनी पाहिले नाही. ती स्वतःशी काय बोलली ते पाहिले.

मी पंचवीस वर्षे हे वाचत होतो आणि माझ्याच घरात, मंडपातल्या खांबाआड कोण उभे आहे ते मला दिसत नव्हते.

श्रीगुरुचरित्रातल्या दोन माता

काही जुनी मंडळी म्हणतील, भागवत ठीक आहे, पण आपला आधार श्रीगुरुचरित्र. तर तेच पाहू.

पाचव्या अध्यायात श्रीपाद श्रीवल्लभांच्या जन्माची कथा आहे. पीठापूरचा आपळराजा आणि त्याची पत्नी सुमती. घरी श्राद्ध होते. क्षणाचे ब्राह्मण अजून जेवले नव्हते. तेवढ्यात दारात भिक्षेकरी आला. रीत अशी की श्राद्धाचे ब्राह्मण जेवल्याशिवाय त्या अन्नातले कुणाला द्यायचे नाही. सुमतीने दिले. तो भिक्षेकरी म्हणजे श्रीदत्तात्रेय. त्यांनी प्रसन्न होऊन वर दिला आणि तिच्या पोटी श्रीपाद आले. त्या क्षणी सुमतीने रीत मोडली असे म्हणा, किंवा रीत ज्यासाठी होती ते ओळखले असे म्हणा. श्राद्ध अन्नदानासाठीच असते आणि भुकेला दारात उभा होता. नाथमहाराजांनी श्राद्धाचे अन्न गावाने दूर ठेवलेल्या लोकांना वाढले, ही आख्यायिकाही याच वळणाची आहे.

आता दुसरी माता. आठव्या अध्यायात एक विधवा बाई आहे. मुलगा मंदबुद्धी, पती गेलेला, भिक्षा मागून पोट भरायचे. लोक मुलाची निंदा करतात, तिला टोचून बोलतात. शेवटी मायलेकरे जीव द्यायला नदीवर जातात. तेथे कुरवपुरात श्रीपाद श्रीवल्लभ त्यांना अडवतात. मुलाला ज्ञान देतात, तिला शनिप्रदोषाचे व्रत सांगतात आणि पुढच्या जन्मी माझ्यासारखा पुत्र होईल असा वर देतात. अकराव्या अध्यायात तीच बाई कारंजा येथे अंबाभवानी म्हणून जन्माला येते आणि तिच्या पोटी श्रीनृसिंहसरस्वती येतात.

भक्तजनहो, हे मी कितीदा वाचले असेल! पण जोडून कधी पाहिले नव्हते. गावाने टोचून टोचून नदीपर्यंत नेलेल्या एका विधवेलाच श्रीगुरूंनी पुढच्या जन्मासाठी आई म्हणून निवडले. आणि त्याच गुरुपरंपरेच्या जन्मोत्सवाला आपण विधवेला पाळण्यापासून चार हात दूर ठेवतो. आपण नेमके कुणाचे मन राखतो?

यावर एका वडीलधाऱ्यांनी मला बरोबर अडवले. म्हणाले, "एकतीस-बत्तीसाव्या अध्यायात पती गेलेल्या स्त्रीचे आचार दिले आहेत. ते काय करणार?" दिलेले आहेत, खरे आहे. केशवपन, एकवेळ भोजन, सगळे आहे. पण त्याच प्रसंगात सहगमनही येते. ते आपण कधीच सोडले. १८२९ साली कायद्याने बंद झाले आणि आज आपल्यातला कुणीही ते परत आणा म्हणणार नाही. केशवपनही सुटले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवायचा नाही असे ठरवले. त्याने काही धर्म बुडाला नाही.

आणखी एक. पुढे छत्तीस-सदतिसाव्या अध्यायांत आपल्या पुरुषांचेही आचार आहेत. पहाटे कधी उठावे, स्नान कसे करावे, परान्न घेऊ नये. मी त्या वडीलधाऱ्यांना विचारले, "यातले आपण किती पाळतो?" गेल्या लग्नसराईत आम्ही दोघे एकाच पंगतीत परान्न जेवलो होतो. ते हसले. आपल्याला अडचणीचे होते ते आपण काळ बदलला म्हणून सोडले, आणि दुसऱ्याच्या अंगावर पडत होते तेवढे धर्म म्हणून ठेवले. हे ध्यानात आल्यावर मला माझीच लाज वाटली. आणि हे विसरू नये, त्या अध्यायाचा शेवट श्रीगुरूंनी त्या बाईचा पती उठवून तिला हसत घरी पाठवण्यात केला आहे. गाणगापूरला आलेल्या बाईचे अश्रू त्यांनी पुसले. हा त्या कथेचा गाभा मला वाटतो.

वाडीच्या वाटेवरचे गाव

आपण करकंबची मंडळी पंढरपूर, सांगोला, मिरज करत नरसोबाच्या वाडीला जातो. वाडी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात. त्याच तालुक्यात हेरवाड हे गाव आहे. ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की आपल्या गावात पती निधनाच्या वेळी कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद कराव्यात आणि विधवांना समारंभांतून दूर ठेवू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते. ६ मे १९२२ ला महाराज गेले होते. त्याच मे महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून महाराष्ट्रातल्या सगळ्या, म्हणजे २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले.

या कामामागे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले गृहस्थ आहेत, करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे. करोनाच्या पहिल्या लाटेच्या काळात त्यांचे एक सहकारी हृदयविकाराने गेले. अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांच्या पत्नीचे जे केले गेले ते झिंजाड्यांनी पाहिले आणि ते अस्वस्थ झाले. त्यांनी १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिले की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर या प्रथांची सक्ती करू नये. मग गावोगावी ठराव व्हावेत म्हणून ते झटले.

मी ती बातमी तेव्हा दुकानात बसून वाचली होती. "बरे केले" म्हणालो आणि पान उलटले. जे त्यांनी पाहिले तेच मी चौदा वर्षांपूर्वी दारात उभे राहून पाहिले होते. त्यांना झोप लागली नाही, मला लागली. फरक तेवढाच.

कुणाला वाटेल ही सगळी आजकालची फॅशन आहे. आपल्या पंढरपुराकडे पाहा. १८७५ साली तेथे लालशंकर उमियाशंकर यांनी अनाथ अर्भकांसाठी आश्रम सुरू केला. फसलेल्या, बहुतेक विधवा असलेल्या बायका तान्ही मुले चंद्रभागेच्या वाळवंटात सोडून देत, ती वाचावीत म्हणून. पुढे प्रार्थना समाजाने तो सांभाळला. १९४७ च्या मे महिन्यात सानेगुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे विठोबाचे दार हरिजनांना उघडले. त्या वेळीही पुष्कळ भाविक म्हणत होते की देव बाटेल. आज त्या मंदिरात उभे राहून असे म्हणायची कुणाची छाती आहे?

वजने तपासावी लागतात

मी दुकानदार माणूस, माझ्या धंद्यातला दाखला देतो. लोखंडी वजन वापरून वापरून झिजते. रोज हाताळणाऱ्याला ते कळत नाही. वर किलोचा आकडा तसाच असतो आणि वजन थोडे थोडे कमी भरत जाते. म्हणून सरकारी नियम आहे, ठरावीक मुदतीने वजने तपासून घ्यायची. निरीक्षक आपल्या प्रमाण वजनाशी ताडून पाहतो. कमी भरले तर वजनाच्या पोटात शिसे भरून ते सारखे करतात आणि शिक्का मारतात. अगदीच गेलेले असेल तर बाद करतात. तपासणीला जाणारा दुकानदार वजनांचा शत्रू नसतो. न तपासता वापरणारा गिऱ्हाइकाला फसवतो, आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते.

रूढींचे असेच आहे. सगळ्या टाकायच्या नाहीत. दारी आलेल्याला पाणी देणे, गुरुवारी अन्नदान करणे, दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलेभाकरी नेणे, ही आपली वजने आजही पुरी भरतात. काहींत शिसे भरावे लागेल. काही बाद करावी लागतील. आणि ताडून पाहायचे प्रमाण वजन म्हणजे श्रीगुरूंचा दयाभाव.

मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. आपल्याला पटले तर घ्यावेत.

पहिला, ही रूढी पाळणारा कोण आणि तिचा भार सोसणारा कोण? दोघे एकच असतील तर ते व्रत. मी एकादशी करतो, भूक मला लागते. पण पाळायचे मी आणि सोसायचे दुसऱ्याने, असे असेल तर थांबून पाहावे.

दुसरा, मी हे श्रद्धेने करतो की भीतीने? "लोक काय म्हणतील" हे मनात आले तर समजावे की भीती आहे. मी पुष्कळ विचार केला की त्या दिवशी मी ज्या लोकांना भ्यालो ते लोक कोण होते. ते सगळे माझ्याकडे पाहत होते, कर्ता माणूस काय म्हणतो म्हणून. म्हणजे ते लोक मीच होतो.

तिसरा, जिला किंवा ज्याला सोसावे लागते, त्याला आपण कधी विचारले का? हा प्रश्न मला माझ्या बायकोने शिकवला, तो कसा ते पुढे सांगतो.

स्टॅम्पपेपर आणि मंडळींचा सवाल

नातीच्या प्रश्नानंतर पंधरा दिवसांनी मी पंढरपूरहून १०० रुपयांचा स्टॅम्पपेपर आणला. झिंजाड्यांसारखेच लिहिले की माझ्यामागे माझ्या पत्नीचे कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, तिने पूर्वीसारखेच राहावे. मनात थोडा अभिमानही होता. रात्री जेवण झाल्यावर तिला वाचून दाखवले.

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आवो, हे माझ्याबद्दलच लिवलंय न्हवं? मग लिहायच्या आधी मला विचारायचं तरी."

मी म्हणालो, "अगं, तुझ्या भल्यासाठीच लिहिलंय."

"धाकटीच्या बांगड्या फोडल्या तवाबी तिच्या भल्यासाठीच फोडल्या असतील की."

मला काही बोलता येईना. तीच पुढे म्हणाली, "तुमच्या मागं मला बांगड्या घालाव्या वाटतील का नाही, हे मला आज कसं सांगता येईल? वाटलं तर घालीन, नाही वाटलं तर नाही. लिहायचंच असंल तर एवढंच लिहा, की तिच्या अंगाला तिच्याबिगर कुणी हात लावायचा नाही."

कुमारीच्या कंकणांची कथा मला त्या रात्री कळली. तिने आपल्या हाताने, आपल्या विचाराने कंकणे कमी केली. मी चांगले करायला निघालो होतो, तेही दुसऱ्याच्या हातावर माझा हात ठेवूनच. दुसरा स्टॅम्पपेपर आणला आणि तिच्या शब्दांत लिहिले. कोर्टात त्याचे वजन किती याची मला पर्वा नाही. त्या दिवशी भावकी जमेल तेव्हा मुलाच्या हातात बापाच्या सहीचा कागद असावा, एवढ्यासाठी तो आहे. मुलाला आणि सुनेला समोर बसवून वाचून दाखवला आहे.

मग भावजयीकडे गेलो. हे सगळ्यात अवघड होते. म्हणालो, "यंदा दत्तजयंतीला पाळण्याची दोरी तुम्ही धरावी, असं आमच्या दोघांच्या मनात आहे."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भावजी, त्या दिवशी तुम्ही दारात होता."

"होतो," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"आता दोरीचं काय घेऊन बसलाय," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. त्या वर्षी, २०२२ च्या दत्तजयंतीला, ती नेहमीसारखी खांबाआड उभी राहिली. मी काही बोललो नाही. चौदा वर्षांचे देणे एका वाक्यात फिटेल असे समजणे हाही एक आडमुठेपणाच होता.

पुढच्या वर्षी सप्ताह बसला तेव्हा तीच आपण होऊन माझ्या मंडळींना म्हणाली, "मी एकटी नाही येणार. गावात माझ्यासारख्या कितीजणी आहेत. सगळ्यांना सांगा, ज्यांना यायचंय त्या येतील." त्या दोघी जावा घरोघर जाऊन सांगून आल्या. काहींनी हो म्हटले, काहींनी नको म्हटले. नको म्हणणाऱ्यांना कुणी आग्रह केला नाही.

२०२३ च्या दत्तजयंतीला जन्मकाळ झाला, गुलाल उडाला. सहा जणी पुढे आल्या. मंडपात जरा चुळबुळ झाली. एक वृद्ध गृहस्थ उठून बाहेर गेले. ते माझे जुने स्नेही आहेत. प्रसादाच्या वेळी मात्र ते परत आले, सुंठवडा घेतला आणि काही न बोलता माझ्या शेजारी बसले. दोरी पहिल्यांदा भावजयीच्या हातात आली तेव्हा तिच्या मनगटावरचा तो जुना व्रण मला दिसला. नात तिच्या पदराला धरून उभी होती.

गावातल्या सगळ्यांचे मन बदलले असे मी म्हणणार नाही. अजून हळदीकुंकवाला भावजयीला बोलावणे येत नाही, आणि आले तर जायचे की नाही हे तिचे ती ठरवील. ग्रामपंचायतीचा ठराव, शासनाचे परिपत्रक हे सगळे हवेच. पण ते कागद दाराशी येऊन थांबतात. दाराच्या आत जो कर्ता माणूस उभा असतो, त्याने त्या क्षणी जागे असावे लागते.

वाचकहो, आपल्यापैकी बरेच जण माझ्याच वयाचे आहात. आपला शब्द अजून घरात चालतो, आणखी किती वर्षे चालेल ते सांगता येत नाही. तोवर आपापली वजने एकदा तपासून घ्यावीत. यंदाच्या दत्तजयंतीला मंडपात आलात तर पाळण्याकडे पाहालच. जाताना मागच्या खांबाकडेही एकदा पाहावे, तेथे आपल्या घरचे कुणी उभे तर नाही ना.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.